पूर्वेची खातरजमा

आमच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंचा पाठ्यपुस्तकावर काडीचाही विश्वास नव्हता. धडा वाचून झाला की चष्मा कपाळावर सरकवून त्या वर्गाला विचारत, "असं हे पुस्तक म्हणते. पण तुम्ही पाहिलं काय?" शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांना खातरजमाबाई म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं असा त्यांना संशय होता. तो खरा होता.

हा स्वभाव माहेरचा. वडील उमरेडचे विणकर. इतवारीच्या बाजारात सुती साडी घ्यायला गेल्या की बाई पदराचा एक धागा ओढून काडीने पेटवत. राख झाली तर सूत. जळून गोळी झाली तर दुकानदाराचं काही खरं नसे. टपालाचा धडा आला तेव्हा त्यांनी प्रत्येक मुलाला स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायला लावलं. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले, तर म्हणाल्या, "एक कार्ड अजून रस्त्यातच हाय सर. धडा संपला कसं म्हणू?"

सूर्यही त्यांच्या संशयातून सुटला नव्हता. दर महिन्याला एका रविवारी सकाळी जवळपासची पोरं घेऊन त्या शाळेच्या गच्चीवर जात. ठरलेल्या एका फुटक्या फरशीवर उभं राहायचं, सूर्य वर आला की समोरच्या कठड्यावर त्याच्या बरोबर खाली गेरूची रेघ मारायची आणि तारीख घालायची. निवृत्तीच्या तोंडावर बाईंना कौतुक करून घ्यायचं असेल, असं मी मनात म्हणायचो. संशय काय त्यांनाच येत होता?

वार्षिक परीक्षेत आम्ही एकमेकांच्या तुकड्यांचे पेपर तपासायचो. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, या प्रश्नाला बाईंच्या वर्गातल्या तन्वीने लिहिलं होतं, "बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच. बाकी दिवस तो सरकत राहतो." मी लाल पेनाने फुली मारली. तिचा एक गुण गेला, आणि पोरं तिला खोटारडी म्हणून चिडवू लागली.

बाई पेपर घेऊन आल्या. "सर, हे काहून खोडलं?"

"नमुना उत्तरात फक्त 'पूर्व' आहे, बाई."

"मार्काचं राहू द्या. पोरीनं डोळ्यानं पाहिलं, अन् तुम्ही तिले खोटं ठरवलं. एक डाव गच्चीवर या."

येतो म्हणालो. गेलो नाही. त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. जाताना तन्वीचा पेपर माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

दिवाळीनंतर बाई वारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गच्चीवर चढलो आणि फुटकी फरशी शोधली. कठड्याच्या मधोमध एका रेघेखाली 'पूर्व' लिहिलेलं होतं. सूर्य तिथे आलाच नाही. तो बराच उजवीकडे, दुसऱ्या एका रेघेवर वर आला. तिच्याखाली तन्वीच्या अक्षरात मागच्या वर्षीची, त्याच आठवड्यातली तारीख होती. मला स्वतःची फार लाज वाटली. बाई असताना चार जिने चढायला मला काय झालं होतं?

फुली खोडून मी गुण दिला आणि पेपर तन्वीकडे घेऊन गेलो. ती आता पाचवीत होती. तिने पेपर वरपासून खालपर्यंत पाहिला, मग माझ्याकडे.

"सर, तुम्ही पाहिलं काय? का बाई वारल्या म्हणून देऊन राहिले?"

"पाहिलं. आज सकाळीच."

"कोण होतं तुमच्यासंग?"

कोणीच नव्हतं. तिने पेपर माझ्या हातात परत ठेवला.

"मंग उद्या सहाले गच्चीवर या. माझ्यासमोर पाहा, मंग घेईन."