खुनी पाहिल्याशिवाय उठायचं नाही

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. आयुष्यभर तिने आसेगावच्या शिवारात मजुरी केली. आणि तिला खुनाच्या तपासाचे सिनेमे आवडतात. हे सांगताना मी पूर्वी जरा दबकायची, आता दबकत नाही.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या टीव्हीपासून झाली. गावात तो एकच होता. चावडीतल्या लाकडी कपाटात तो असायचा आणि कपाटाची चावी पंचायतीच्या शिपायाकडे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी गुप्तहेराची मालिका लागायची. पुरुष आत सतरंजीवर, आम्ही बायका-पोरी दाराबाहेरच्या ओट्यावर. शेवटी तो गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत गोळा करायचा, आणि नेमका तेव्हाच शिपाई उठून आम्हाला घरी पिटाळायचा. घरी चुली पेटायच्या राहिल्यात, म्हणायचा. आमच्या तोंडावर दार लोटून घ्यायचा. आत मालिका पुरी व्हायची.

बायका गुमान उठायच्या. वाटेने आई खुनी कोण ते सांगायची आणि कशावरून तेही सांगायची. खरं की खोटं, कोणाला विचारणार? पुरुषांना विचारलं तर ते हसायचे.

एका संध्याकाळी शिपाई उठला, पण आई उठली नाही. तो दोनदा बोलला. तेव्हा ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "भाऊ, तुमी दर खेपेले शेवट पाह्यता. आमी काहून नाई पाह्याचा? खुनी कोन हाये ते पाह्यल्याबिगर मी उठत नाई."

मी तिच्या लुगड्याचा पदर घट्ट धरला होता. मला वाटलं, आता हा हाताला धरून उठवणार. पण शेजारची एक काकू, जी अर्धी उभी राहिली होती, ती परत खाली बसली. मग बाकीच्याही बसल्या. शिपायाने रागाने टीव्ही बंद केला आणि कपाटाला कुलूप घातलं. आता पुरुषांचाही शेवट गेला. ते त्याच्यावरच चिडले. त्या दिवशी कोणालाच खुनी कळला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्याने आम्हाला हटकलं नाही.

त्या खेपेला आईचा अंदाज साफ चुकला. ती माळ्याला खुनी समजत होती, निघाली घरची मालकीण. काकू चिडवायला लागली, तर आई खुशीत म्हणाली, "चुकली त चुकली. आतापावतर कोनी चुकू बी देत नव्हतं."

पुढे मला शेलूबाजारला नोकरी लागली आणि मी आईला माझ्याकडे आणलं. सीडीचे दिवस होते. वाशीमला बसस्टँडजवळच्या एका दुकानात मला जुन्या परदेशी सिनेमांचा एक संच सापडला. सगळे काळे-पांढरे, सगळे इंग्रजी, आणि प्रत्येकात तोच एक लांब कोटवाला गुप्तहेर. दुकानदार मला नवे हिंदी सिनेमे दाखवत राहिला. मी तो संचच घेतला.

माझा भाऊ गावाहून घरी आला होता. तो म्हणाला, "बुढीले इंग्रजी काय समजते?"

"तुले तरी कोठी समजते?" मी म्हटलं.

तो ताट घेऊन बसला तो मजा बघायलाच. सिनेमात एका म्हाताऱ्याला चहातून विष दिलेलं होतं. घरातले सगळे एकमेकांवर जोरजोराने आरोप करत होते. आई बोलण्याकडे लक्षच देत नव्हती, तिला ते कळतही नव्हतं. ती हात पाहत होती. मधेच तिने डॉक्टरकडे बोट दाखवलं. "सगळ्यायनं चहा घेतला. यानं कप उचलला अन तसाच ठेवून देला."

भाऊ हसला. पाऊण तासाने कोटवाल्याने त्याच डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा भावाच्या ताटातली भाकर वाळून गेली होती. दुसऱ्या दिवशी जाताना त्याने दुसरी सीडी लावायला सांगितली आणि ती पाहायला गावाकडे जाणारी एक जीप सोडून दिली.

आता आईने ऐंशी ओलांडली आहे. सीड्या घासून गेल्या, म्हणून तेच सिनेमे मी मोबाइलवरून टीव्हीवर लावून देते. मोतीबिंदू काढल्यापासून तिला पडद्यावरचे हात पुन्हा नीट दिसतात. सकाळची बुद्धवंदना ती चुकवत नाही. दुपार तिची स्वतःची आहे. नातेवाइकांना ते खटकतं. या वयात खून-मुडदे कशाला, काही चांगलं दाखव, असं मला बाजूला घेऊन सांगतात. चांगलं म्हणजे काय, ते त्यांनी आईला विचारावं. मला विचारू नये.

परवा अशीच एक दूरची आत्या आली. दारातूनच टीव्हीकडे पाहून तिने तोंड वाकडं केलं आणि आवाज कमी करायला सांगितला, तिला बोलायचं होतं. मी तिला पाणी दिलं, आईच्या शेजारी खुर्ची टाकून दिली. आवाज कमी केला नाही.