निऱ्या पुढे की मागे

परवा लेकीचा स्कर्ट इस्त्री करताना ओल्या लोकरीचा वास आला आणि मी मनानं कॅनडातल्या विनिपेगच्या त्या दुकानात जाऊन उभी राहिले. स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात ते चौकड्यांचे लोकरी किल्ट शिवून विकायचं दुकान. नवऱ्याचं काम सुटलेलं. त्या आठवड्यात मला काम मिळालं नाही तर भारतात परत जायचं, असं ठरलं होतं. चार ठिकाणी फॉर्मवर शिक्षण ‘आठवी’ बघून नाही म्हणाले होते.

मालकीण मार्गारेटनं कापड पुढे टाकलं. “प्लीट्स घालून दाखव.”

मी कराडला शिवलेल्या नऊवारी करायचे, निऱ्या म्हणजे बोटांना पाठ. चौकडीला चौकडी जुळवली, कच्चे टाके घातले, पुतळ्याला नेसवलं. सगळ्या निऱ्या पुढे, पोटावर!

ती खो खो हसली. “अगं हनी, ह्या मागे असतात! पुढून सपाट!”

“प्लीज, पुन्हा करते,” एवढंच कसंबसं म्हणाले. ती कापड उलटं करून टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं, आणखी चुका शोधतेय. आज नव्या मुलींचं काम बघताना माझाही अंगठा तसाच फिरतो, तेव्हा कळतं ती काय बघत होती.

माझा फॉर्म तिनं वाचलाच नाही. तो पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘मंडे, आठ वाजता.’