मिळाल्याची तारीख, सांगितल्याची तारीख

लिफ्टमध्ये चिकटवलेली नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या फोन नंबरसकट, मोठ्याने वाचणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच होता आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायचा. अल हिलालमधल्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि हे चौथ्यावर, म्हणून मी त्यांना वरचे काका म्हणायचे. मूळचे कराडकडचे. एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कंपनीत येणारा-जाणारा प्रत्येक कागद नोंदवून फाईलला लावणारे गृहस्थ. दिवसभर कागद हाताळून माणसाला कागदाचा वीट यावा. काकांना घरी येताना लिफ्टमध्ये पुन्हा भूक लागायची. एक बोट नोटिशीच्या ओळीवर आणि दुसऱ्या हाताचं बोट दार उघडं ठेवायच्या बटणावर. आधी इंग्रजी वाचायचं, मग समोर कोण आहे ते बघून हिंदीत किंवा मराठीत सांगायचं. तोवर लिफ्ट हलायची नाही. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस पाचव्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सबाईंनी इतक्या वेळा ऐकली होती की शेवटची दिलगिरीची ओळ त्या काकांच्या बरोबरीने म्हणायच्या. काकांची मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून उभी. "बाबा, एव्हरीवन कॅन रीड!" ती कुजबुजायची. "वाचता येतं गं समद्यांस्नी," काका म्हणायचे, "वाचतंय कोन?"

मी नाशिकची. वडील सातपूरला कामगार युनियनचे कार्यकर्ते; पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी बाराखडी गिरवली. छापलेला कागद लोकांपर्यंत पोहोचवायचा असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आमच्या घरच्या कागदांवर 'धिक्कार असो' लिहिलेलं असायचं, आणि काका त्याच श्रद्धेने 'फरशी ओली आहे' वाचायचे. मला ताप आला तेव्हा काकूंनी पेज पाठवली आणि तिच्यामागून काका आले. गोळ्यांच्या डबीतला तो घडीचा कागद त्यांनी पलंगाशेजारी बसून उलगडला आणि संभाव्य दुष्परिणाम एकेक करून मराठीत सांगितले. यकृतापाशी पोहोचल्यावर मी उठून बसले आणि मला बरं वाटतंय असं जाहीर केलं. काका विमानात बसले की समोरच्या कप्प्यातलं सुरक्षेचं कार्ड काढून शेजाऱ्याला वाचून दाखवायचे. एकदा शेजारी वैमानिकच निघाला, सुट्टीवर चाललेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, असं काकू शपथेवर सांगायच्या.

सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे तारखा. काकांकडे घरातसुद्धा एक रबरी शिक्का होता. कुठलाही कागद आला की शिक्का मारायचा आणि त्यातल्या दोन रिकाम्या जागी पेनाने दोन तारखा लिहायच्या: एक 'मिळालं', दुसरी 'सांगितलं'. लग्नपत्रिका, शाळेची परिपत्रकं, विजेचं बिल, काही सुटायचं नाही. काकूंच्या किराणा यादीवरसुद्धा शिक्का. "अहो, मेथी आणायची होती, नोंदवायची नव्हती!" काकू ओरडायच्या. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या असल्या की काकांचा चेहरा आंघोळ केल्यासारखा दिसायचा. एक दिवसाचा फरक पडला तर ते जेवताना गप्प असायचे. हे खूळ त्यांना कधीपासून लागलं असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला पाण्याचं बिल वाचून दाखवलं.

त्यांच्या मुलीला इतिहास शिकवणाऱ्या बाई अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय. त्यांचं कुळ टेक्सासचं, राहायला अल गराफात. दरवर्षी जूनच्या एकोणीस तारखेच्या जवळच्या शुक्रवारी त्यांच्या व्हिलात जूनटीन्थ साजरा व्हायचा. तिकडची गुलामगिरी संपल्याचा हा सण. त्यातली गोम अशी, की टेक्सासमधल्या गुलामांच्या सुटकेचा जाहीरनामा आधीच निघाला होता. तिथल्या गुलामांना ते कळलं अडीच वर्षांनी, सैन्याच्या एका अधिकाऱ्याचा हुकूम वाचला गेला तेव्हा. त्या दिवसाची आठवण म्हणून बाईंकडे लाल सरबत, कलिंगड, निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आणि मग तो जुना हुकूम मोठ्याने वाचायचा. दरवर्षी एका पाहुण्याने, त्याच्या भाषेत. बाकीच्यांना कळो न कळो, सगळे उभं राहून ऐकायचे. बाईंनी आम्हाला बोलावलं त्या पहिल्या वर्षी हे ऐकून काका इतके हरखले की परतताना गाडीत त्यांनी एकही पाटी वाचली नाही. पुढच्या वर्षीपासून लाल सरबत आमच्याकडून: काकूंचं कोकम, पिवळ्या नळाच्या थर्मासमधून. तिसऱ्या वर्षी बाईंनी हुकूम वाचायला काकांनाच सांगितलं, आणि काका भाषांतरासाठी माझ्याकडे आले.

मी ते रक्त आटवून केलं आणि वर त्यांच्या घरी घेऊन गेले. साखळदंड घातले, पहाट घातली. काकांनी लाल पेन घेऊन दोन्ही काढून टाकलं. "हे हुकमात कुटं हाय?"

"काका, भाव यायला नको?"

"भाव ज्याचा त्यो आनंल. तू खालची वळ का गाळलीस?"

खालच्या ओळीत लिहिलं होतं, की मुक्त झालेल्यांनी आहे त्याच जागी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं. मी ती मुद्दाम गाळली होती. मला संताप आला होता तिचा.

"गाळायची न्हाई," काका म्हणाले. "सुटका वरच्या वळीत आसती, आन गप बसा म्हनून खालच्या वळीत. दोनी वाचल्याबिगर कागद कळत न्हाई, पोरी."

पेन पुसायला कागद हवा म्हणून मी त्यांच्या टेबलावरच्या फाईलला हात घातला, आणि सर्वांत वर ठेवलेला कागद हातात आला. त्यांच्या कंपनीला आलेलं परिपत्रक, ऑफिसातून घरी आणलेलं. काही वर्षांपूर्वी इथे कायदा बदलला. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागेनासं झालं. तेच त्यात लिहिलं होतं, आणि कामगारांच्या वसाहतीत फलकावर लावावं असंही. कोपऱ्यात काकांचा शिक्का, खाली त्यांची सही, पूर्ण नाव. दोन तारखांमध्ये सात महिने होते.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"मॅनेजर म्हनाला, फाईल करा, लावायचं नंतर बघू. म्या फाईल केलं."

"सात महिने?"

"त्यातच महादू आलता."

महादू म्हणजे काकांच्या शेजारच्या गावचा. त्यांच्याच कंपनीत फरशी बसवायचा. मुक्काम बिरकत अल अवामेरच्या वसाहतीत, आठजणांच्या खोलीत. दर शुक्रवारी दोन बस बदलून तो काकूंच्या हातची भाकरी खायला यायचा आणि जेवून झालं की काकांबरोबर गावाकडच्या विहिरी मोजत बसायचा. त्या सात महिन्यांत एका संगमरवराच्या कंपनीने त्याला फोरमन म्हणून बोलावलं होतं. तो काकांच्या ऑफिसात येऊन विचारून गेला, सायेब, आपल्या कंपनीचं पत्र मिळंल का? पत्र लागतच नव्हतं. कागद काकांच्या मागच्या कपाटात होता. काका म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." इथे राहिलेल्या माणसाला 'इन्शाल्ला, बघू'चा अर्थ कळतो. महादू परत गेला आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली.

"त्याला अजून माहीत नाही?"

"कायदा म्हाईत हाय. कागद कुटं हुता ते न्हाई."

मी तेव्हा काय काय बोलले ते आता लिहीत नाही. पत्रकांत वापरायचे सगळे शब्द मी त्या टेबलावर वापरले. गुलामगिरी हा शब्दही वापरला. त्यावर काका एवढंच म्हणाले, "ती न्हवं. बाईंच्या मानसांनी जे भोगलं त्याचं नाव आपल्याला लावू नगं. पन उशीर त्योच." शेवटी मी म्हटलं, शुक्रवारी महादूला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगितलं की तो यायचा नाही परत." काकांनी परिपत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "तू सांगायचं न्हाईस. ज्यानं ठिवला त्यानं वाचायचा."

त्या शुक्रवारी काका सकाळीच बिरकत अल अवामेरला जाऊन महादूला आणि त्याच्या खोलीतल्या तिघांना घेऊन आले. आमच्या गाडीत मी, काकू, मुलगी आणि मांडीवर कोकमचा थर्मास धरलेला महादू. बाकीचे तिघे टॅक्सीने. रस्ताभर काका एकेक पाटी वाचत होते. पेट्रोल पंपावरच्या सूचनासुद्धा. "सायेब आज लई खुशीत दिसत्यात," महादू मला म्हणाला. मी त्याच्या मांडीवरच्या थर्मासचं झाकण घट्ट केलं.

बाईंकडे चाळीसेक माणसं होती. बाहेर उन्हाची भट्टी, म्हणून सगळे दिवाणखान्यात. महादूला कलिंगडाची फोड मिळाली होती. काका उभे राहिले आणि त्यांनी हुकूम वाचला, खालच्या ओळीसह, एकही शब्द न वाढवता. बाईंचे वृद्ध मामा डोळे मिटून मराठी ऐकत होते. वाचून संपलं. काका बसले नाहीत. खिशातून दुसरा घडीचा कागद काढला आणि त्याच आवाजात, लिफ्टमध्ये वाचायचे तसा, मराठीत सांगायला सुरुवात केली. नोकरी बदलण्यासाठी ना-हरकत पत्राची आवश्यकता नाही. सदर सूचना फलकावर लावण्यात यावी. मग शिक्का. मिळालं, अमुक तारीख. सांगितलं, अमुक तारीख. मग स्वतःचं नाव, आडनावासकट. "मधलं सात म्हैनं ह्यो कागद माझ्या कपाटात हुता. त्यातच महादू पत्र मागाय आलता. म्या बघू म्हनालो."

आणि सगळा दिवाणखाना टाळ्या वाजवायला लागला.

त्यांना वाटलं, मराठीतला हुकूम जरा लांब असतो. मामा तर 'आमेन' म्हणाले. टाळ्यांच्या मधोमध आम्ही मराठी कळणारी माणसं तेवढी दगडासारखी उभी. काका हात वर करून लोकांना थांबवायला बघत होते, त्यामुळे टाळ्या आणखी वाढल्या. बाईंनी आमचे चेहरे बघितले आणि हाताने सगळ्यांना गप्प केलं.

महादूने कलिंगडाची फोड ताटलीत ठेवली. हात पॅंटला पुसले.

"तारखा परत वाचा, सायेब."

काकांनी वाचल्या.

"माझी जागा गेली त्याच्या आदी की मागनं?"

"तू आलास तवा कागद येऊन म्हैना झाला हुता."

महादूने हात पुढे केला. काकांनी कागद दिला. त्याने तो घडी करून वरच्या खिशात घातला, "शुक्रन" म्हणून बाईंचे आभार मानले, आणि आपल्या तिघांना घेऊन उन्हात बसथांब्याकडे निघून गेला. काका त्याच्या मागे दारापर्यंत गेले. थर्मास त्यांनी परत येताना स्वतःच्या मांडीवर घेतला आणि गाडी काकूंना चालवू दिली. काकूंना मनाई नव्हती, पण काका त्यांच्या शेजारी बसून वाहतुकीचे नियम वाचत असल्यामुळे त्या कधी चालवत नसत. त्या दिवशी काका गप्प होते.

पुढचे अकरा शुक्रवार काकूंनी चार भाकरी जास्त केल्या. महादू आला नाही. त्याने कंपनी बदलली. फोरमन म्हणून नाही, साधा फरशीवालाच, पण स्वतः जाऊन, पत्र न मागता. हे आम्हाला त्याच्या खोलीतल्याकडून कळलं. काकांनी त्याला एकदा फोन केला होता, आणि तो दीड मिनिट चालला, एवढंच काकू सांगायच्या. मग काकांची निवृत्ती आली आणि गेल्या वर्षी ते कराडला गेले. रबरी शिक्का मला देऊन गेले. मी तो अजून वापरलेला नाही.

यंदाच्या जूनटीन्थला मी एकटीच गेले, कोकम घेऊन. तिथे महादू होता. बाईंनी त्याला स्वतः बोलावलं होतं. त्याच्या खिशातला कागद आता प्लास्टिकमध्ये बसवलेला होता. वसाहतीत नवी माणसं आली की तो त्यांना वाचून दाखवतो म्हणाला, हिंदीत; मलाही अख्खा वाचून दाखवला. "तारखाबी वाचतो. सायबांचं नावबी. त्यांनीच फोनवर सांगितलंय, नाव गाळायचं न्हाई."

मी त्याच संध्याकाळी कराडला फोन लावला आणि काकांना हे सांगितलं. पलीकडे काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. मग काकांनी विचारलं, "आडनाव नीट म्हनतो का?"

"नीट म्हणतो."

"आन खालची वळ, फलकावर लावायची?"

"तीही वाचतो, काका."

"मग बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "शुक्रवारचं जेवतो कुटं गं त्यो?"

मी सांगितलं, माझ्याकडे ये म्हटलंय, बघू म्हणाला. काका हसल्यासारखे झाले. फोन ठेवून मी खाली दुकानात जायला निघाले. लिफ्टमध्ये टाकीची नवी नोटीस लागली होती. पाचव्या मजल्यावरच्या नर्सबाई आत होत्या, आणि त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.