मोजणीदाराची सही

दिगंबर आठल्ये नागपूरला भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. निवृत्त झाल्यावर संध्याकाकूंना घेऊन ते मुलाकडे, केदारकडे, अमेरिकेत ॲरिझोनातल्या चँडलरला आले. अठरा वर्षं दोघंही ग्रीन कार्डावरच राहिले. सिटिझनशिपचा विषय निघाला की काका म्हणायचे, "माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे की."

गेल्या वर्षी काकू गेल्या. अस्थी घेऊन काका नागपूरला गेले आणि पाच महिने तिथेच रेंगाळले. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही नक्की राहता कुठे?" घरी येऊन त्यांनी केदारला सांगितलं, "सिटिझनशिपचा फॉर्म भर."

मी इथल्या लायब्ररीत सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करून घेते. वय आणि इथली वर्षं धरता काकांना परीक्षा मराठीतून देता येणार होती. दुभाषी म्हणून मीच जायचं ठरलं.

'तेरा वसाहतींचा एक देश झाला' एवढं पाठ करून त्यांचं भागेना.

"शोभनाताई, एक झाल्या म्हणजे कशा? कुणी काय सोडलं?"

मी सांगितलं, की इंग्लंडशी लढाई चालू असतानाच तेरा राज्यांनी आपसांत करार लिहिला. बाकीच्यांनी मान्य केला, मेरीलँड मात्र अडून बसलं. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेच्या अफाट जमिनीवर हक्क सांगत होती. तो हक्क सोडा, जमीन सगळ्यांची सामायिक करा, मगच सही, असं त्याचं म्हणणं. व्हर्जिनिया कबूल झालं आणि १७८१ साली मेरीलँडनं सही केली.

"पण करार ढिलाच निघाला," मी म्हटलं. "केंद्राला कर बसवता येईना. मग १७८७मध्ये फिलाडेल्फियाला बसून नवी राज्यघटना लिहिली."

काका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. "त्या पश्चिमेच्या जमिनीवर राहत कोण होतं?"

"मूळ रहिवासी."

"त्यांची सही?"

"नव्हती."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आम्ही लगतच्या कब्जेदाराला नोटीस दिल्याशिवाय मोजणीची साखळी टाकत नव्हतो," ते म्हणाले. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

मुलाखत फीनिक्सला होती. प्रश्नांची उत्तरं काकांनी नीट दिली. शेवटी अधिकारी बाईंनी विचारलं, "दुसऱ्या देशावरची निष्ठा सोडायची तुमची तयारी आहे?"

मी मराठीत सांगितलं. काका टेबलावरच्या फॉर्मकडे बघत राहिले. दुभाष्यानं पदरचा शब्द घालायचा नसतो, म्हणून मी थांबले. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

"सोडायची म्हणजे विसरायची का, विचारा त्यांना."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "विसरायला कुणी सांगत नाही. पण मला हो किंवा नाही हवं."

"हो," काका म्हणाले. ते इंग्रजीतून म्हणाले.

महिन्याभरानं शपथ झाली. केदारनं फोटो काढले, काका कुठल्याच फोटोत हसले नाहीत. पुढे त्यांचा भारतीय पासपोर्ट वकिलातीतून रद्दचा शिक्का मारून परत आला, तो दाखवायला ते लायब्ररीत आले.

"संध्यानं हा फॉर्म कधी भरला नसता," ते म्हणाले. "ती होती तेव्हाच तिला विचारायला हवं होतं मी. बरं वाटलं नसतं तिला, पण विचारायला हवं होतं."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं केदारची गाडी आली.