लेझमीवरचे पाढे

“आधी पाय हालू द्या, मग डोकं आपोआप हालतंय!” असं म्हणत ड्रिलमास्तर माझ्या गणिताच्या तासाला दारात उभे राहत आणि अख्खा वर्ग मैदानावर घेऊन जात.

पाथर्डीकडच्या आमच्या शाळेत ते कवायत शिकवत, मी गणित. मुलं त्यांना ड्रिलमास्तर म्हणत. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येत, तेव्हा पाढे पार विसरलेली असत. फळ्यासमोर तोंड उघडत नसत. ड्रिलमास्तर त्यांच्या हाती लेझीम देत आणि तिच्या ठेक्यावर पाढे म्हणून घेत. थोड्याच दिवसांत तीच मुलं माझ्या वर्गात हात वर करू लागत. बाकावर विझलेली आणि मैदानावर पेटलेली अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील.

“गुरुजी, तुमीबी या की. पुस्तकं वाचून मान वाकली तुमची,” ते मला चिडवत. मुलं हसत. मीही हसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मुलं वर्गात पेंगू लागली, साध्या बेरजा चुकू लागली. मी ड्रिलमास्तरांना हे बोललो. त्यांच्याकडे औषध एकच होतं.

“अंग जड झालंय पोरांचं. लेझीम वाढवतो.”

त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी पाढा म्हणता म्हणता कोसळली. त्यांनी तिला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं.

“काय खाल्लंस गं सकाळी?”

“काल खाल्लं हुतं, गुरुजी,” ती घाबरून म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

ड्रिलमास्तरांनी सगळ्या लेझमी स्वतः गोळा करून कपाटात ठेवल्या. त्यानंतर त्यांच्या तासाला ते मुलांना सावलीत निजवत. “हालू नका रे. गप पडून ऱ्हावा.” आपला डबा त्यांच्यात वाटून टाकत. मी रागावलो तर म्हणत, “माजं पोट भरलंय.”

एकदा मैदानाकडे बघत म्हणाले, “मला वाटायचं, पोरांत ताकद मी भरतोय. ती तर त्यांच्या आयांच्या भाकरीची हुती.”

होळीच्या सुमारास साध्या तापानं ते गेले. तापाशी झगडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

बातमी कळताच हेडमास्तरांनी मुलांना सुट्टी दिली. एरवी सुट्टीची घंटा झाली की फाटकात चेंगराचेंगरी होई. त्या दिवशी मुलं एकामागून एक, सावकाश चालत घरी गेली.