पावत्या कोन पुसून राह्यलं?

काट्यावरचे किस्से सांगायला बसले की चहा दोनदा गरम करावा लागतो. एक संपत नाही तोवर मुजीबभाई म्हणतात, "अन् ते प्रिंटरचं सांगा ना वो ताई!" मग काय, सगळंच सांगावं लागतं.

रिसोड रोडवरच्या एका दाल मिलमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे मी, मुजीबभाई आणि रिठदचा गजानन. तिथे रोज दुपारी वजनाच्या पावत्यांच्या फायली गायब व्हायला लागल्या आणि आळ आला ऑपरेटर रेहाना आपांवर. मॅनेजरसाहेबांनी ठणकावलं, "शनिवारपर्यंत पुसनारा दाखवा, नाहीतर ही बाई सोमवारी येनार नाही!" मला असा संताप आला! इतकी वर्षं काटा सांभाळला त्या बाईने.

कुठल्याही प्रोग्रामला फाइल पुसायची तर सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, विनंती करावी लागते. तोच सिस्टिम कॉल. त्यावर नजर ठेवायची म्हणजे ट्रेसिंग. पण विनंत्या येतात ढिगाने, म्हणून कोणाला धरायचं नि कोणाला सोडायचं याचा फिल्टर लावतात. सोपं आहे. ऐकायला!

*

सोमवारी गजाननने फिल्टरच लावला नाही. ट्रेसर प्रत्येक कॉल फाइलमध्ये लिहायचा. ते लिहिणं हाही कॉलच, म्हणून तोही लिहायचा. मग त्या लिहिण्याचं लिहायचा! तासाभरात डिस्क तुडुंब.

मुजीबभाईंनी स्क्रीन पाहिली. "काहून बे गज्या, हा त सोताचीच चुगली करून राह्यला!"

*

मंगळवारी त्याने पावत्यांच्या प्रोग्रामवर नावाने फिल्टर लावला. आता याला प्रोग्रामला लांबलचक नावं ठेवायची हौस. कर्नल नावाची पहिली पंधरा अक्षरंच ध्यानात ठेवतो, याने दिलं लग्नपत्रिकेवर छापतात तसं पूर्ण नाव. जुळणार काय, कपाळ? स्क्रीन दिवसभर कोरी.

गजानन खूश. "चोर भेला, ताई!" पेढे घेऊन आला. आम्ही पेढे खाल्ले, पावत्या गेल्याच.

*

बुधवारी नंबराने. चालू प्रोग्रामला कर्नल एक नंबर देतो, तो मुजीबभाईंनी तळहातावर लिहून ठेवला. मध्येच लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू झाली आणि तोच नंबर भलत्याच प्रोग्रामला मिळाला. दुपारभर आम्ही तिघं श्वास रोखून पाहत होतो ते प्रिंटरच्या प्रोग्रामला!

शेवटी आपाच म्हणाल्या, "मुजीबभाई, त्याले कागद पाह्यजे. द्या ना बिचाऱ्याले!"

*

गुरुवारी मात्र आपा हसल्या नाहीत. "ताई, घरी अजून सांगतलं नाही मी. लोक चोर म्हनतीन मले." गजाननने पेढ्यांचा रिकामा डबा टेबलावरून उचलून ठेवला.

*

शुक्रवारी आम्ही शहाण्यासारखं ठरवलं. नाव नको, नंबर नको, फक्त पुसण्याचे कॉल धरायचे आणि सगळ्यांचे धरायचे. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"माह्या लॉगिनले वगळा. मी कायले पुसीन?"

साहेबच म्हणाले, वगळलं. दुपारी पावत्या गेल्या आणि ट्रेसमध्ये कोणीच नाही!

आपा हळूच म्हणाल्या, "ज्याले सोडलं, त्याले धरून पाहा ना."

शनिवारी आम्ही फिल्टर उलटा केला आणि पुसणारा पाहायला मिलचे शेठ स्वतः आले. दोन वाजले आणि स्क्रीनवर ओळींमागून ओळी पळाल्या. युजर, मॅनेजर. प्रोग्राम, सफाई. मशीन हळू चालते म्हणून साहेबांनीच तो टाकला होता. जुन्या फायली पुसायला ठेवलेला, पण सगळ्याच पुसत होता.

शेठनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग आपांकडे वळले, "रेहानाबाई, सोमवारी टायमावर या."

आपांचे डोळे भरून आले. मुजीबभाईंनी उगाच प्रिंटरला कागद लावला.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं, घसा खाकरला आणि गजाननजवळ वाकून म्हणाले, "गजानन, कालचा फिल्टर लय चांगला होता. तोच लाव!"