तो पोरगा माझ्या यादीत राहील

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पडला. कुणी धक्का दिला नव्हता. उलटा सरकत मागे जाताना स्वतःच्याच पायात पाय अडकला आणि तो बर्फावर सपाट पाठीवर आपटला. समोरचा खेळाडू त्याला वळसा घालून निघून गेला आणि गोल झाला. माझ्या शेजारी आमच्या ग्रुपमधला तरुण स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, बसला होता. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं लॅपटॉपवर काहीतरी खोडलं.

"एक नाव कमी झालं," तो म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं.

पुढचा अख्खा सीझन मी तेच म्हणत राहिले.

आधी माझं सांगते, कारण लोक विचारतातच. मी मूळची नागपूरची, इंजिनिअर. आता मिशिगनमध्ये ट्रॉयला राहते. गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग ही माझी नोकरी. आइस हॉकीशी संबंध आला तो मुलीमुळे. ती शाळेत गोलकीपर होती. तिला रिंकवर सोडायचं, बॅग ओढायची, काचेमागे कुडकुडत उभं राहायचं, असं बरीच वर्षं चाललं. मग अकरावीत असताना एक दिवस ती गाडीत म्हणाली, "आई, आय ॲम डन." मी म्हटलं, ठीक आहे. तिनं सोडलं. पण पुढच्या शनिवारी थर्मासमध्ये चहा भरून मी एकटीच गेले आणि मॅच संपेपर्यंत बसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

"यातला तुमचा कुठला?" शेजारच्या आया विचारायच्या.

"कुठलाच नाही."

मग त्या जरा सरकून बसायच्या.

आमच्या मराठी मंडळींत तर हा चेष्टेचाच विषय झाला. एकदा कुणाकडे जेवायला जमलो होतो, तिथं एक मैत्रीण म्हणाली, "मुलीनं खेळ सोडला, आता ही दुसऱ्यांची मुलं बघत बसते." नवरा पुण्याचा, स्वभावानं गरीब. मला सावरून घ्यायला तो म्हणाला, "मुलीला मिस करत असेल गं." मी हातातली ताटली खाली ठेवली आणि सांगितलं, की मी कुणालाही मिस करत नाहीये. मुलगी ॲन आर्बरला शिकते, तासाभराच्या अंतरावर आहे, आणि रविवारी धुणं घेऊन घरी येते. मला हा खेळ आवडतो, एवढंच. बाईला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते, त्यामागे कुठलं दुःख नसतं, हे पटायला लोकांना इतकं जड का जातं कोण जाणे.

रिंकवरच मला म्हातारे कोच भेटले. निवृत्त झाल्यावर ते दर वर्षी ड्राफ्टचं एक गाइड काढायचे. ड्राफ्ट म्हणजे उन्हाळ्यात सगळे व्यावसायिक संघ पाळीपाळीनं जगभरातल्या अठरा वर्षांच्या मुलांमधून आपले खेळाडू निवडतात तो दिवस. सात फेऱ्या होतात. बहुतेक मुलांचं नाव कुठल्याच फेरीत येत नाही. कुणाला घेण्यासारखं आहे आणि कुणाला नाही, हे आमच्या गाइडमध्ये असायचं. कोचनी एकदा मला सहज विचारलं, "आजच्या मॅचमध्ये कोण बरा वाटला?" मी जे सांगितलं ते ऐकून ते म्हणाले, "हे मला लिहून पाठवशील?" तेव्हापासून मी त्यांच्या ग्रुपमध्ये गाइडसाठी लिहायला लागले.

तर तो पोरगा. डिफेन्समन, म्हणजे गोलच्या पुढ्यात राहून बचाव करणारा. एका वर्षात ताडमाड वाढला होता आणि वाढलेल्या अंगाचं काय करायचं हे त्याच्या पायांना अजून कळलं नव्हतं. पास द्यायचा तो उशिरा. पाऊल चुकायचं. पण त्या पहिल्या मॅचमध्ये, पडल्यानंतर, मी एक गोष्ट पाहिली. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, कोपऱ्यात गेला की त्याच्यामागे धावताना तो मान वळवून आधी एका खांद्यावरून बघायचा, मग दुसऱ्या. मागून कोण येतंय, आपला माणूस कुठं मोकळा आहे, हे सगळं पकला काठी लागायच्या आधीच त्यानं बघून ठेवलेलं असायचं. मग तो बरोबर त्याच माणसाकडे पास टाकायचा. फक्त इतका सावकाश, की तोवर दुसरं कुणीतरी मध्ये यायचं.

मी लिहिलं: हात मंद आहेत, पाय अजून स्वतःचे झालेले नाहीत, पण हा बघतो. तिसऱ्या फेरीत घ्यावा.

व्हिडिओ मीटिंगमध्ये तरुण स्काउटनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तो स्वतः कॉलेजात खेळलेला, हुशार, आणि खरं सांगायचं तर त्याचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. "तिसरी फेरी?" तो म्हणाला. "हा मुलगा सातव्या फेरीतही जाणार नाही. अठराव्या वर्षी ज्याचे हात असे आहेत त्याचे ते तसेच राहतात."

"हात शिकवता येतात," मी म्हटलं. "बघायला कोण शिकवणार?"

"बघून काय उपयोग, पास पोचतच नाही तर?"

"आज पोचत नाही."

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण तो मला 'तुम्ही'च म्हणतोय हे त्याच्या आवाजात ऐकू यायचं. "राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही हा खेळ कधी खेळलेला नाही."

"मी कधी ब्रेकसुद्धा नव्हते," मी म्हटलं. "तरी कुठला लागेल आणि कुठला नाही, हे सांगायचाच मला पगार मिळतो."

कोच खोकल्यासारखे हसले. तरुण स्काउट हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. शनिवारी दुपारी तो पोरगा उत्तरेकडच्या एका गावात खेळणार होता. एकत्र जाऊन बघू या का, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, गाडी मी चालवणार.

मला वाटलं होतं, आज हा पोरगा मला साथ देईल. कसली साथ! पहिल्याच पाळीत त्यानं कोपऱ्यातून पक उचलला, मधोमध मोकळ्या असलेल्या खेळाडूकडे पास टाकला, तो प्रतिस्पर्ध्यानं अडवला आणि थेट गोल. त्याच्या कोचनं त्याला बाकावर बसवलं. बराच वेळ बसवलं. आम्हाला वरून त्याची पाठ दिसत होती. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

"आता?" तरुण स्काउटनं विचारलं.

"आतासुद्धा," मी म्हटलं. पण आपण हट्टाला पेटलोय की काय, असं त्या बाकड्यावर मला पहिल्यांदा वाटलं.

शेवटच्या पाळीत त्याला पुन्हा बर्फावर उतरवलं. पक पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला. नुकताच शिक्षा भोगून आलेला कुठलाही मुलगा अशा वेळी पक काचेवरून लांब भिरकावून देतो आणि सुटका करून घेतो. कुणी त्याला नावं ठेवत नाही. यानं मान वळवली, दोन्हीकडे पाहिलं, आणि पुन्हा तोच पास टाकला. मधोमध, त्याच जागी. या वेळी तो पोचला. ज्याच्याकडे पोचला त्याच्या काठीखालून पक निसटला, म्हणून त्यातून काही निघालं नाही, आणि आकडे ठेवणाऱ्यांनी काहीच नोंदवलं नाही. पण पोचला होता.

मी शेजारी पाहिलं. "पाहिलंस?"

"पाहिलं," तो म्हणाला. "तोच मूर्खपणा पुन्हा केला."

परतीच्या वाटेवर बर्फ पडायला लागला. वायपर चालू होते आणि आम्ही भांडत होतो. तो म्हणत होता, जो मुलगा शिक्षेनंतरही सुधारत नाही त्याला शिकवणार कसं? मी म्हणत होते, पास बरोबरच होता, फक्त वेळेवर द्यायला हवा होता. भीतीनं बरोबर गोष्ट सोडून देणारी मुलं मी रिंकवर ढिगानं पाहिली होती. ऑफिसातही पाहिली होती. हा सोडून देत नव्हता. तरुण स्काउटला त्याच्या घराशी सोडलं तेव्हा तो म्हणाला, "ड्राइव्हबद्दल थँक्स. तुमचं चूक आहे." मी म्हटलं, "बघू."

शेवटची यादी ठरवायची मीटिंग वसंतात झाली. कोचनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की या मुलाला यादीतून काढू या. गाइडची इज्जत आहे, लोक हसतील.

माझ्या तोंडून एकदम निघालं, "काहून?"

रागात माझं नागपूर बाहेर येतं. स्क्रीनवर सगळे गोंधळून बघायला लागले. मग मी इंग्रजीत सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही मला मत विचारलं होतं. ते चुकीचं असू शकतं, पण ते माझं आहे आणि मी ते बर्फावर डोळ्यांनी बघून बनवलंय. लोक हसतील म्हणून काढायचं असेल तर मी लिहिलेलं बाकीचं सगळंही काढा. तो पोरगा माझ्या यादीत राहील.

मग कोच म्हणाले, "ठीक आहे. मुख्य यादीत नाही. पण तुझं मत वेगळं छापू, तुझ्या नावानं. हसले तर तुला हसतील."

"हसू देत."

आणि हसलेच. गाइड आल्यावर इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, या बाईला कुणीतरी क्रिकेट लावून द्या. मुलीनं ते वाचलं आणि फोन केला. ती माझ्यापेक्षा जास्त चिडली होती. "आई, डोन्ट रीड द कमेंट्स, ओके?"

"सगळ्या वाचल्या," मी म्हटलं. "एकानंही त्याची मॅच बघितलेली नाही."

ड्राफ्टच्या दिवशी ती मुद्दाम घरी आली. आम्ही तिघं पोहे घेऊन टीव्हीसमोर बसलो. तिसरी फेरी गेली. चौथी, पाचवी गेली. नवऱ्यानं दोनदा चहा केला. सातवी संपली आणि पडद्यावर जाहिराती लागल्या. त्याचं नाव आलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी रडते की काय म्हणून. मला रडू आलं नव्हतं. मला त्याच्या घरातल्या सोफ्याचा विचार येत होता, तिथंही कुणीतरी असंच टीव्ही बंद करत असेल.

"सो यू वेअर राँग?" मुलीनं हळूच विचारलं.

"त्यांनी घेतला नाही," मी म्हटलं. "तो वेगळा मुद्दा."

पुढच्या हिवाळ्यात तो अजून त्याच ज्युनिअर संघात होता. एका शनिवारी मॅचच्या आधी मी रिंकच्या बोळातून जात होते आणि तो समोरून आला. सूट, टाय, खांद्यावर बॅग. इतका उंच, की मला मान वर करावी लागली. मी कधीच खेळाडूंशी बोलत नाही. बाजूनं निघून जाणार होते, पण तोच थांबला.

"ते गाइडमध्ये लिहिणाऱ्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, हो. मला वाटलं, आता हा आभार मानणार. मनात मी काहीतरी मोठेपणाचं बोलायची तयारीसुद्धा केली.

"तुम्ही लिहिलं होतं, माझे हात मंद आहेत."

"आहेतच."

"आता नाहीत," तो म्हणाला. कान लाल झाले होते, पण नजर हलवली नाही.

"बघते," मी म्हटलं.

आणि पाहिलं. मंदच होते. पण गेल्या वर्षीपेक्षा कमी. पाय मात्र आता त्याचे स्वतःचे होते. घरी येऊन मी तसंच लिहिलं आणि खाली पुन्हा तिसरी फेरी लिहिली. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या मुलाला पुढच्या वर्षीही संधी असते. कोचचा फोन आला. "पुन्हा?" "पुन्हा," मी म्हटलं. त्यांनी उसासा टाकला आणि पुन्हा माझ्या नावानं वेगळं छापलं.

त्या उन्हाळ्यात सातव्या फेरीत, अगदी शेवटी, एका संघानं त्याला घेतलं. मुलगी ओरडली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या, मग विचारलं, "हा तोच ना, पडणारा?"

तरुण स्काउटचा फोन लगेच आला. "अभिनंदन," तो म्हणाला. "पण सातवी फेरी. तुम्ही तिसरी म्हणत होता, मी म्हणत होतो घेणारच नाहीत. म्हणजे आपण दोघंही चुकलो."

"तू चुकलास," मी म्हटलं. "त्यांनी उशीर केला."

निवड झाली तरी मुलं लगेच संघात जात नाहीत; आता तो कॉलेजात खेळतो. पुढे व्यावसायिक संघात पोचेल की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या फेरीतली फार थोडी मुलं पोचतात. तरुण स्काउट अधूनमधून त्याचे आकडे पाठवतो आणि खाली प्रश्नचिन्ह टाकतो. मी उत्तर देते, की तिसऱ्या फेरीतच घ्यायला हवा होता.